मागचे डावे चाक

स्मरणिका समितीचे पत्र आले. ‘शाळेतील एखादी अविस्मरणीय आठवण लिहून पाठवावी’ अशी त्यात सूचना होती. आम्ही चौघे एकाच तुकडीतले आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीतले, म्हणून चौघांनी मिळून एकच लेख लिहावा असे ठरले. विषयासाठी फारशी चर्चा करावी लागली नाही. शाळेने आम्हाला काय दिले, याविषयी इतर बंधू-भगिनी आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही शाळेच्या जीपच्या ब्रेकविषयी लिहिणार आहोत. त्यात आमची एक जुनी चूक आहे, आणि ती आजवर दुसऱ्याच माणसाच्या नावावर राहिली आहे.

ज्यांनी ती जीप पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. महिंद्रची जुनी, पेट्रोलवर चालणारी, उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी. एका सरकारी लिलावातून ती आपल्या संस्थेने घेतली, तेव्हाच तिचे निम्मे आयुष्य सरले होते. बाजाराची भाजी, दळणाची पोती, रात्री-अपरात्री तापाने फणफणलेले पोर, बाहेरगावाहून येणारे पाहुणे, सगळी ने-आण तिच्यावर. ती चालवायचे आणि दुरुस्तही करायचे ते ड्रायव्हरकाका. काकांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. गॅरेजात पोरवयापासून राबून शिकलेले. त्यांनी संस्थेकडे एकच मागणी केली होती असे म्हणतात : रविवारी कामाला चार पोरे द्या, ब्रेकच्या कामाला चार चाकांची चार पोरे लागतात. नववीच्या वर्षी ती चार पोरे म्हणजे आम्ही.

काकांकडे दोनशे पानी एक वही होती. तारीख, कोणते चाक, कोणी उघडले, काय दिसले, असे चार रकाने त्यांनी पट्टीने आखलेले. प्रत्येक चाकाला एक मालक. पुढचे उजवे, पुढचे डावे, मागचे उजवे, मागचे डावे. ज्याचे चाक त्याने उघडायचे, त्यानेच बंद करायचे आणि वहीत आपल्या हाताने आपले नाव लिहायचे. अक्षर कसेही असो, नाव स्पष्ट हवे, असा त्यांचा दंडक होता.

जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. हल्लीच्या मोटारींना पुढे डिस्क असते आणि मागे ड्रम असले तरी बहुतेक गाड्यांत ते झिजतील तसे आपले आपणच जुळवून घेतात. त्यामुळे ‘ब्रेक लावून घेणे’ हा शब्दप्रयोग आता तरुण मंडळींच्या तोंडी फारसा ऐकू येत नाही. जुन्या गाडीत मात्र हे काम माणसालाच करावे लागे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे, उपड्या पातेल्यासारखे बिडाचे भांडे. त्याच्या पोटात चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू, आणि शूंवर रिव्हेटने ठोकलेले लायनर. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. तिथल्या छोट्या सिलिंडरमधले दोन दट्टे दोन बाजूंना सरकतात आणि शू ड्रमला आतून भिडतात. पाय काढला की स्प्रिंग शूंना मागे ओढून घेते. लायनर झिजला की शू आणि ड्रम यांतले अंतर वाढते, दट्ट्यांना लांब जावे लागते, पेडल खोल जाते. ते अंतर पुन्हा नेमके करून देणे, एवढेच हे काम. ऐकताना सोपे वाटते. आम्हालाही पहिल्या रविवारी तसेच वाटले होते.

पहिला धडा चाकांच्या नटांचा. उजव्या बाजूच्या चाकांचे नट नेहमीसारखे डावीकडे फिरवले की सुटतात. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना मात्र उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस पान्यावर उभा राहून उड्या मारतो आणि नट सोडवण्याऐवजी आवळत जातो, शेवटी बोल्ट तुटतो. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी हा पराक्रम केला. काका हसले नाहीत. त्यांनी तुटलेला बोल्ट खिशात ठेवला आणि पुढच्या रविवारी तो त्याच्याच हाताने बदलून घेतला.

ड्रम निघाला की आत काळी, तलम धूळ साचलेली असे. आम्ही ती तोंडाने फुंकायला जात असू. काका हात धरत आणि ओल्या फडक्याने पुसायला लावत. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ छातीत गेली तर पुढे फुप्फुसाचा असाध्य आजार होऊ शकतो, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले. काकांना त्या पदार्थाचे नाव माहीत असेल असे वाटत नाही. ‘आमच्या उस्तादाला खोकला हुता,’ इतकेच ते म्हणत. जुनी गाडी हौसेने बाळगणाऱ्या वाचकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे : ब्रेकची धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये.

मग पाहणी. रिव्हेटचे डोके लायनरच्या पृष्ठभागाखाली दबलेले असले पाहिजे. लायनर झिजून ते वर आले तर ड्रमवर चरे पडतात, आणि असा ड्रम लेथवर धरून आतून साफ करून आणावा लागतो. प्रत्येक वेळी साफ केल्याने ड्रम पातळ होतो, पातळ ड्रम लवकर तापतो, म्हणून हे पुनःपुन्हा करता येत नाही. दोन शूंपैकी पुढच्या शूचा लायनर लांब आणि मागच्याचा आखूड असे. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबून घेतो, म्हणून जास्त काम त्याच्याकडे. घाईत दोन्ही शू अदलाबदल करून बसवले तर गाडी चालते, थांबतेही, पण चढणीला पाठ करून मागे घसरू लागल्यासारखा भरवसा सुटतो. नवा लायनर ठोकताना रिव्हेट मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचे, म्हणजे लायनर शूवर सपाट बसतो, खाली पोकळी राहत नाही. लायनरची टोके कानशीने थोडी उतरती करायची. ड्रमला आतून खडू चोळून त्यात शू फिरवला की लायनर कुठे टेकतो आणि कुठे अधांतरी आहे ते पांढऱ्या डागांवरून दिसते. ग्रीसचा हात लायनरला लागला तर काका तो शू आमच्याकडून काढून घेत. त्यावर ते काही बोलत नसत आणि आम्हाला ते फार लागे.

सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. त्यांची कड नखाने उचलून आत पाहायचे. कोरडे असेल तर ठीक. ओलसर असेल तर आतला रबरी कप तेल सोडू लागला आहे असे समजून सिलिंडर उघडायचे. ते भाग पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुवायचे नाहीत. त्याने रबर फुगते. ब्रेक ऑइलनेच धुवायचे. ही एक टोपी उचलून पाहण्याची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याशीच आमची गाठ आहे.

सगळे जागच्या जागी बसले की अंतर लावणे. ड्रममागच्या बॅक प्लेटवर प्रत्येक शूसाठी एक बोल्ट असतो. त्याच्या आतल्या टोकाला मध्य सोडून बसवलेली चकती असते. बोल्ट फिरवला की चकतीचा फुगीर भाग शूला बाहेर रेटतो. एका हाताने चाक पुढच्या दिशेने फिरवायचे, दुसऱ्या हाताने पान्याने बोल्ट वळवायचा. चाक जड झाले की थांबायचे, मग बोल्ट उलटा फिरवत चाक नुकतेच मोकळे होईल इथवर यायचे, तिथेच बोल्ट धरून मागचा नट आवळायचा. नट आवळताना बोल्ट हटकून थोडा सरकतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. नवे लायनर घातले असतील तर शूच्या खालच्या खुंट्याही फिलर गेज घालून लावाव्या लागत, खालच्या बाजूला इंचाचे हजार भाग करून त्यातले ५ आणि वरच्या बाजूला ८. गणिताच्या तासाला दशांश अपूर्णांकांना कंटाळणारे आम्ही, इथे ०.००५ आणि ०.००८ यांतला फरक बोटांनी ओळखू लागलो. शेवटी काका प्रत्येक चाक स्वतः फिरवून डोळे मिटून ऐकत. लायनर कुठे घासतो, किती घासतो, हे त्यांना आवाजावरून कळे. पेडलला सुरुवातीला अर्धा इंच मोकळी चाल ठेवायची, हाही त्यांचा नियम. ती नसेल तर पाय काढल्यावरही मास्टर सिलिंडरमधून तेल मागे परतायला वाट मिळत नाही, ब्रेक लागलेलेच राहतात आणि ड्रम तापतात.

सरतेशेवटी नळ्यांतली हवा काढायची. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या झाकणाआड. झाकण उघडण्याआधी भोवतालची माती पुसायची. सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्या जीपमध्ये ते मागचे डावे. एकजण पेडलवर, एकजण चाकाखाली काचेची बाटली आणि रबरी नळी घेऊन. ‘दाब... धर... सोड’ अशी आरोळी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात दर दोन-तीन महिन्यांनी घुमे. बाटलीत बुडबुडे येणे थांबले की त्या चाकाचे काम संपले.

आता त्या रविवारकडे येतो.

दरवर्षी २० मार्चला आपली शाळा महाडला जाते. १९२७ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्यापर्यंत पोरांना नेल्याशिवाय त्यांचे शालेय वर्ष पुरे होत नाही, अशी आपल्या संस्थेची धारणा. मुले एस.टी.ने जात. स्वयंपाकाची भांडी, धान्य आणि बस लागणारी दोन-तीन लहान मुले जीपमधून, भोरहून वरंधा घाट उतरून. त्या वर्षी काकांनी दोन रविवार आधी चारही चाके उघडून पाहायला सांगितले आणि ते स्वतः गावी एका लग्नाला गेले. आमच्यावर भरवसा टाकून गेले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

पुढची दोन्ही चाके दुपारपर्यंत झाली. मागच्या चाकांचे काम वेगळे. तिथे ड्रम हबसकट ॲक्सलच्या निमुळत्या दांड्यावर ठोकल्यासारखा बसलेला असतो. मधला मोठा नट काढून पुलर लावून तो ओढून काढावा लागतो. मागचे उजवे चाक घामाघूम होऊन निघाले. मागचे डावे निघेना. पुलर आवळला, त्यावर हातोडा मारला, पान्याला पाइप जोडून चौघेही लोंबकळलो. हब तसूभर हलले नाही. तोवर ऊन कलले होते आणि पटांगणात शेजारच्या गावाच्या संघाबरोबर व्हॉलीबॉलचा सामना सुरू झाला होता. आरडाओरडा ऐकू येत होता.

आम्ही विचार केला की अंतर लावायला ड्रम काढावा लागत नाही. बॅक प्लेटच्या मागून बोल्ट फिरवता येतो. चाक जड झाले, मोकळे केले, हवा काढली, पेडल घट्ट लागले. वहीत चौथ्या ओळीशी आलो तेव्हा जरा वेळ गेला. ज्याचे चाक होते त्याने पेन धरले आणि ठेवले. मग आम्ही ‘उघडून पाहिले, ठीक आहे’ असे लिहिले, आणि नावाच्या रकान्यात प्रथमच कोणाचेही नाव न घालता ‘आम्ही चौघे’ असे लिहिले.

सोमवारी काकांनी वही पाहिली. ‘आम्ही चौघे?’ असे त्यांनी विचारले. ‘हब घट्ट होता, सगळ्यांनी मिळून काढला,’ आम्ही म्हणालो. त्यांनी चाक फिरवून आवाज ऐकला. तो चांगलाच होता.

वरंधा घाटात वाघजाईच्या देवळापाशी भजी-चहासाठी थांबणे हा आमचा दरवर्षीचा रिवाज. त्या वर्षीही थांबलो. जीपमध्ये काका, पुढे पाचवीतली दोन मुले, मागे भांड्यांच्या आणि तांदळाच्या पोत्यांच्या मध्ये आम्ही दोघे. उरलेले दोघे बसमध्ये. काका घाट नेहमी ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरत, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांची त्यांना चीड होती. देवळानंतर दोन वळणे झाली असतील. तिसऱ्या वळणाला त्यांनी पाय दाबला आणि पेडल फळीला टेकले.

आम्हाला ते कळले त्यांच्या खांद्यावरून. त्यांनी पेडल भराभर तीन वेळा मारले, थोडे काहीतरी लागले, पुन्हा गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. सीजे-थ्री-बीचा पहिला गिअर धावत्या गाडीत सहज पडत नाही. त्यांनी क्लच दोनदा मारून, मध्ये इंजिनाला जोर देऊन तो पाडला. दातांचा असा आवाज झाला की पुढची दोन्ही मुले रडू लागली. हँडब्रेक या जीपमध्ये चाकांवर नसतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर वेगळा लहान ड्रम असतो, आणि तो गाडी उभी असतानाच लावायचा अशी त्यांचीच सक्त ताकीद. तो त्यांनी धावत्या गाडीत हळूहळू ओढला. जळका वास आला. मग गाडी त्यांनी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली आणि मातीच्या दरडीला खेटवत खेटवत थांबवली. एका मोठ्या पातेल्याचे झाकण उडून रस्त्यावरून घरंगळत गेले आणि कठड्याच्या फटीतून दरीत पडले. त्याचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला.

कोणाला काही लागले नाही. काकांनी आधी मुलांना उतरवून सावलीत बसवले, चाकांना दगड लावले, मग खाली वाकून एकेक चाक पाहिले. मागच्या डाव्या टायरची आतली बाजू तेलाने निथळत होती.

‘ह्ये चाक कुणाचं?’ त्यांनी विचारले.

‘आमचं,’ आम्ही म्हणालो.

‘उघडलं हुतं?’

आम्ही गप्प राहिलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. पुढचा सगळा वेळ त्यांनी आम्हाला पाने मागण्यापलीकडे शब्द बोलला नाही. मागच्या ॲक्सलवर जिथे नळीच्या दोन वाटा होतात तिथून डाव्या चाकाकडे जाणारी नळी त्यांनी सोडवली, तिचे टोक चेपून, दुमडून, दगडावर ठेवून हातोड्याने बंद केले आणि पुन्हा बसवले. त्यांच्याजवळ ब्रेक ऑइलचा डबा असेच. उरलेल्या तीन चाकांची हवा काढली. ‘दाब... धर... सोड’. वाटेत थांबलेल्या एका ट्रकचा क्लीनर पेडलवर बसला होता, कारण आमचे पाय थरथरत होते. मग चारही चाकांचा दांडा टाकून, लो गिअरमध्ये, माणूस चालेल त्या गतीने आम्ही घाट उतरलो.

तेव्हा या जीपला तेलाची वाट एकच होती. चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरचा एकच दाब. एका चाकाने तेल सोडले की बाकीची तीन चांगली असूनही काही उपयोग नाही. पुढे मोटारींना दोन वेगळ्या वाटा करण्यात आल्या, म्हणजे एक फुटली तरी दुसरी राहते. त्या दिवशी दोन वाटा असत्या तर हा लेख आम्हाला लिहावा लागला नसता, आणि कदाचित आमची चूक आम्हाला कधी कळलीही नसती.

संध्याकाळी तळ्याकाठी सगळी शाळा वंदनेला उभी होती. पंचशील ग्रहण करताना चौथ्या शीलापाशी आमचे चौघांचेही आवाज बसले. जीपमध्ये नसलेल्या दोघांना तोवर सगळे कळले होते.

परतल्यावर चौकशी झाली. काकांनी अधीक्षकांना सांगितले की गाडी निघण्यापूर्वी चाके तपासणे हे ड्रायव्हरचे काम, ते आपल्याकडून राहिले. त्यांना लेखी समज देण्यात आली. ती कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागली नाही, पण सगळ्यांना ठाऊक झाली. आम्ही चौघे त्या वेळी कार्यालयाच्या दाराबाहेर उभे होतो. आत जाऊन एक वाक्य बोलायला जितका वेळ लागतो तितका वेळ आमच्याकडे होता. आम्ही आत गेलो नाही. दहावीच्या निरोपसमारंभातही बोललो नाही. नंतर नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, काकांना भेटायला आम्ही वेगवेगळे दोन-तीनदा गेलो, चहा घेतला, जीपच्या गोष्टी काढल्या आणि ही गोष्ट सोडून सगळ्या काढल्या. काका आता नाहीत.

म्हणून संस्थेच्या कार्यालयास आमची या स्मरणिकेतून विनंती आहे : त्यांच्या सेवापुस्तकात ती समज अजून असेल तर तिच्यापुढे हा लेख जोडावा. मागचे डावे चाक आम्ही उघडले नव्हते, आणि उघडले असे लिहिले होते. ते कोणाच्या वाट्याचे होते हे आम्ही येथेही लिहीत नाही. पुलरला चौघेही लोंबकळलो होतो आणि वहीतले ते दोन शब्द चौघांनी संगनमताने लिहिले होते.

घाटानंतरच्या शनिवारी संध्याकाळी काकांनी आम्हाला बोलावले. जीप अंगणात, मागचे डावे चाक काढलेले. त्यांनी मोठा नट पूर्ण न काढता थोड्या आट्यांवर सैल ठेवला, म्हणजे हब सुटले तरी अंगावर उडणार नाही. पुलर लावला, आवळला, मधल्या बोल्टवर हातोड्याचा एकच ठोका मारला, पुन्हा थोडा आवळला. आम्ही दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत होतो. ‘आता जेवायला जावा,’ ते म्हणाले. ‘रातभर ताणावर ऱ्हाऊ द्या. ते आपसूक येतंय.’

पहाटेच्या वंदनेच्या वेळी अंगणातून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. लहान मुले दचकली. काका मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आत सिलिंडरच्या एका टोकाला गंज चढलेला होता. आम्ही मागून बोल्ट फिरवून शू बाहेर रेटले, तसा दट्टाही बाहेर सरकला, आणि आजवर स्वच्छ भागात चालणारा रबरी कप गंजलेल्या भागावर घासू लागला, असे काकांनी बोटाने दाखवले. म्हणजे चाक मुळीच हात न लावता सोडले असते तर बहुधा त्या दिवशी तरी ते फुटले नसते. टोपी नखाने उचलली असती तर आतला ओलावा तिथल्या तिथे दिसला असता. त्यांनी एवढे सांगितले आणि वही काढली. आमची ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली, त्यांच्या कष्टाने काढलेल्या मोठ्या अक्षरांत, नवी तारीख घालून लिहिले : मागचे डावे, आज उघडले. नावाचा रकाना मोकळा ठेवून पेन आमच्यापुढे धरले.

आम्ही एकाखाली एक चार नावे लिहिली. रकाना लहान होता, चौथे नाव समासात गेले.

ती वही काकांच्या मुलाने गेल्या वर्षी आमच्याकडे दिली आणि या लेखासोबत आम्ही ती शाळेच्या ग्रंथालयाकडे सोपवत आहोत. जीप अजून स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, तिचे टायर बसले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे तिथे जमलो होतो. आमच्यातला एकजण एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाला आहे, त्याने पुलर आणला होता. आता आठवीत असलेली दोन मुले कुतूहलाने जवळ आली. त्यांना आधी उलटे आटे दाखवले, मग ओले फडके हातात दिले. संध्याकाळी पुलर आवळून, नट आट्यांवर सैल ठेवून, आम्ही भोजनगृहात जेवायला गेलो. रात्री त्यातला एकजण दोनदा उठून टॉर्च घेऊन बघून आला. हब अजून सुटले नव्हते.